खिंडीतली माती

हेमलताचा तिसरा रोव्हर रुतला तेव्हा वैजयंती देसाईनं टाळी वाजवली. एकदाच, पण जोरात. आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, आई. वन्संची गाडी अडकली."

सासूबाईंचे हात थांबले. अडकलेली गाडी त्यांच्या लेकीची होती आणि टाळी वाजवणारी त्यांची सून. थोड्या वेळानं शेंगा फुटल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ती गाडी गडहिंग्लजपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका खिंडीत पोटावर बसली होती. तिची सहाही चाकं जागच्या जागी फिरत होती आणि प्रत्येक फेऱ्याला आणखी खाली जात होती. वैजयंतीनं पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि चहा थंड होईपर्यंत ते बघत राहिली.

'चाकोरी' हा सुरुवातीला नुसता खेळ होता. रोव्हर जुळवायचा, म्हणजे चाकं किती, केवढी, रुंदी काय, आरे कसले, मोटर कुठली हे ठरवायचं आणि चंद्राच्या जमिनीवर चालवून बघायचं. असे खेळ पुष्कळ होते. पण 'चाकोरी'तली माती खरी होती. चंद्रावर वस्ती झाल्यापासून तिथं फिरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली माती किती दबली, किती सरकली, याची नोंद खेळात जात होती आणि खेळ त्यातून शिकत होता. कोल्हापुरातलं कॉलेजातलं पोर खेळात जी गाडी रुतवायचं, ती चंद्रावरही तेवढीच रुतली असती. पुढं वस्ती चालवणाऱ्या संस्थेच्या ध्यानात आलं, की आपले इंजिनिअर वर्षभरात जेवढ्या गाड्या मोडून बघतात, तेवढ्या हे खेळणारे लोक एका दुपारीत मोडतात. मग नियम झाला. चंद्राचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा. प्रत्येक चांद्रदिवसाला खेळातल्या पहिल्या दोन रचनांच्या काही गाड्या तिथल्या थ्री-डी छपाईयंत्रावर खऱ्या बनवायच्या, आणि काळोख्या विवरातून वस्तीपर्यंत बर्फ आणायचं काम त्यांना द्यायचं. ज्या रचनेच्या गाड्या जास्त बर्फ आणतील, ती पुढच्या चांद्रदिवसालाही कायम.

गेले अकरा चांद्रदिवस त्या दोन रचना एकाच घरातल्या दोन बायकांच्या होत्या. नणंद आणि भावजय. बाहेरच्यांना याचं कौतुक वाटायचं. त्या दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत हे बाहेरच्यांना माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी वैजयंती आणि तिचा नवरा प्रताप भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावायची लोखंडी चाकं बनवायचे. रबरी टायरच्या जागी किंवा टायरच्या बाहेरून बसवायचं, आडव्या पात्यांचं, पिंजऱ्यासारखं चाक. चिखल खालवर करणं हेच त्याचं काम. रचना वैजयंती करायची, चालवून प्रताप बघायचा. आजऱ्याकडच्या उतारावरच्या शेतात नवीन चाकं लावून बघताना ट्रॅक्टर कलंडला आणि प्रताप त्याच्याखाली गेला. तेराव्याला हेमलता आली. प्रतापची धाकटी बहीण, कोल्हापुरात एका मोठ्या कारखान्यात टायर तपासणारी इंजिनिअर. पंगत बसायच्या आधी, सत्तर माणसांसमोर ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या चाकानं माझा भाऊ मारला."

कुणी तिला गप्प केलं नाही. वैजयंतीनं वर्कशॉप बंद केलं आणि घरात बसून 'चाकोरी' उघडली. तीन महिन्यांनी तिला समोर एक ओळखीचं नाव दिसलं. बोलणं बंद झालं होतं, पण रोज सकाळी दोघी एकमेकींच्या गाड्या मागं टाकायला बसायच्या. सासूबाई सुनेकडेच राहिल्या. हेमलता त्यांना न्यायला तीनदा आली, तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "मी हितंच बरी आहे." तिसऱ्या वेळी हेमलता गेटातूनच परत फिरली.

आता खिंडीत जे झालं, ते मातीचा स्वभाव समजल्याशिवाय कळणार नाही. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही. त्यामुळं तिथल्या मातीचे कण झिजून गोल झालेले नसतात. ते फुटक्या काचेसारखे धारदार असतात आणि दाबले की एकमेकांत अडकून बसतात. म्हणून एकदा चाक गेलं की मागून येणाऱ्या चाकाला वाट सोपी होते. सगळ्यांच्या गाड्या या भरवशावर चालत. हेमलताची गाडी जड, भक्कम, नऊशे किलोची, दाबून ठेवलेल्या वाटेवर झरझर जाणारी. तिला हरवायचं तर वाटच बिघडवायला हवी, हे वैजयंतीला एका सकाळी भाकरी थापताना सुचलं. तिनं चिखलणीचं चाक पुन्हा काढलं. पाती वाकवली, तिरकी केली. गाडी हलकी ठेवली, दीडशे किलोची. ती चाकं माती दाबत नसत, वीतभर खोल उकरून वर फेकत. चंद्रावर वजन सहावा भाग, त्यामुळं वर गेलेली माती सैल पडते आणि सैलच राहते. बसवायला पाऊस नाही, वारा नाही. वैजयंतीची हलकी गाडी त्या सैल मातीतून पोहल्यासारखी निघून जायची आणि मागं रवाळ पिठासारखा थर ठेवायची. नियमात हे कुठं निषिद्ध नव्हतं. कुणाला ते सुचलंच नव्हतं.

तिसरा रोव्हर रुतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिला बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रातून फोन आला. मिथिला कारखानीस नावाच्या अधिकारी बाई होत्या. आवाज शांत, पण शब्द भराभर.

"वैजयंती मॅडम, खिंडीतली माती तुमच्या गाड्यांनी उकरली आहे. बरोबर?"

"बरोबर."

"खिंडीच्या पलीकडे आमची दोन माणसं आहेत. डॉक्टर लालरिनपुई आणि केशवन. नमुने आणायला गेले होते. गाडीचा वीजपुरवठा निम्मा गेलाय. हवा पुरेशी आहे, पण वीज संपली की गाडी थंड होईल. विवरात उणे दोनशे अंश असतं. आमच्या हिशेबानं एकतीस तास आहेत."

वैजयंती उभी राहिली.

"सुटकेची गाडी चार टनांची आहे," मिथिला म्हणाली. "ती खिंडीतूनच जाऊ शकते. वळसा घालून जायचं तर तीन दिवस लागतात. केशवनचा खांदा निखळलाय, त्याला सूट चढत नाही, त्यामुळं गाडीला गाडी जोडूनच त्यांना घ्यावं लागेल. तुमच्या बर्फाच्या हलक्या गाड्यांचा त्यात उपयोग नाही."

"तुमची गाडी त्या मातीत बसेल."

"तेच विचारतेय. किती बसेल? अशी माती खेळात नाही, कारण अशी माती चंद्रावर आजवर नव्हती. आणखी एक. हे संभाषण नोंदवलं जातंय. तुमची चाकं माती अशी करतात हे तुम्हाला माहीत होतं का?"

वैजयंतीनं क्षणभर डोळे मिटले. "होतं. त्यासाठीच केली."

"समोरची गाडी अडकावी म्हणून?"

"हो."

पलीकडे काहीतरी टाइप झाल्याचा आवाज आला. मग मिथिला म्हणाली, "जड गाडी त्या मातीत कशी खाली जाते, हे फक्त तीन गाड्यांनी मोजलंय. रुतलेल्या तीन. त्यांच्या प्रत्येक आऱ्यात दाब मोजायची सोय आहे. पण नियमाप्रमाणं तो डेटा चांद्रदिवस संपेपर्यंत रचनाकाराच्या कुलपात असतो. हेमलता रेडेकरांना आम्ही फोन केला. त्या म्हणाल्या, आधी वहिनींना माझ्याकडे पाठवा."

वैजयंतीनं गाडीची चावी घेतली. सासूबाई दारात होत्या. "कुठं निघालीस?"

"वन्संकडं."

सासूबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, की जणू ती तुरुंगात निघाली होती.

नऊला पाच कमी असताना ती कोल्हापुरात हेमलताच्या घरी पोचली. दार हेमलतानंच उघडलं. केस आवळून बांधलेले, चष्मा कपाळावर. "बसा," म्हणाली आणि आत गेली. वैजयंती बाहेरच्या खोलीत ताटकळत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. शेवटी ती उठून आतल्या दाराशी गेली.

"वन्सं, तिथं माणसं मरताहेत."

"माहीत आहे." हेमलता खुर्ची फिरवून तिच्याकडं वळली. "ती माती कुणी केली हेही माहीत आहे. पण त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, ते सगळं जग बोलेल. मला दुसरं बोलायचंय. या, बघा हे."

तिनं पडद्यावर एक चित्र लावलं. हिरवा उतार, खाली भाताचं खाचर, वर एक लाल ट्रॅक्टर. ते आजऱ्याचं शेत होतं. 'चाकोरी'त हेमलतानं पृथ्वीचं वजन आणि पृथ्वीची माती भरली होती, उताराचा कोन मोजून घातला होता, ट्रॅक्टर तोच, चाकं तीच.

"दोनशे बारा वेळा चालवला," हेमलता म्हणाली. "सरळ उतरवला तर तुमच्या चाकांवर तो कधीच पडत नाही. एकदाही नाही. आडवा घातला तर कुठल्याही चाकांवर पडतो. साध्या टायरवरसुद्धा. तेराव्याला मी जे बोलले ते चूक होतं."

चार वर्षं वैजयंती या वाक्याची वाट बघत होती आणि ते आलं तेव्हा त्यात मऊपणाचा लवलेश नव्हता.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं? आणि तुम्ही..."

"माझं संपलेलं नाही. दादा वीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. उतारावर आडवा जायचा नाही हे त्यानं मला शिकवलं. तो आपणहून आडवा गेला नाही. कुणीतरी त्याला सांगितलं. शेतात त्या दिवशी चाचणी घेणाऱ्या तुम्ही होता." तिनं एक कोरा कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. "लिहा. प्रतापला आडवं जायला मी सांगितलं. खाली सही. आणि मी हा आईसमोर ठेवीन तेव्हा नाकारायचं नाही."

"मी सांगितलं नाही, वन्सं. मी खाली, लांब, लॅपटॉपवर होते. त्यानं ट्रॅक्टर वळवला तेव्हा माझी मान खाली होती, इंजिनाच्या आवाजात काही ऐकूही आलं नाही."

"मग देव सांगायला आला होता?"

"मला माहीत नाही."

"मला आहे. लिहा, नाहीतर उठा."

हे लिहिलं की सासूबाई या घरी येणार, आणि आपल्या घरात आपण एकट्या, हे वैजयंतीला स्वच्छ दिसत होतं. तिला दिवसातून एकदा तरी 'जेवलीस का' विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पस्तीस झाले होते. एकतीस तासांतले अडीच गेले होते. तिनं पेन उचललं आणि लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. सही मात्र नेहमीसारखी आली.

"शब्द?" हेमलतानं विचारलं.

"शब्द."

हेमलतानं कागदाची घडी केली, ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि नियंत्रण केंद्राला फोन लावला. पडद्यावर मिथिला आली.

"थँक्यू, हेमलता मॅडम. तुमचा डेटा नऊ दहालाच मिळाला. आम्ही ती माती खेळात भरून घेतली आहे. आता तुम्ही दोघी बघा."

वैजयंतीनं सावकाश मान वळवली. नऊ दहा. ती बाहेरच्या खोलीत बसलेली असताना. हेमलता पडद्याकडंच बघत होती.

"आधीच पाठवला होता," वैजयंती हळू आवाजात म्हणाली.

"दोन माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. मी काय राक्षस आहे?"

"मग कागद?"

"कागदाचं वेगळं."

वैजयंतीला वाटलं, हिच्या थोबाडीत मारावी आणि निघून जावं. पण पडद्यावर खिंड आली होती, आणि तिथल्या मातीवर तिच्या चाकांचे ओरखडे तिला ओळखू येत होते. ती खुर्ची ओढून बसली.

पुढचे सहा तास दोघी एकमेकींच्या शेजारी बसून भांडल्या. तसं काम वैजयंतीनं आयुष्यात केलं नव्हतं. ती काही सुचवायची, हेमलता ते मोडून दाखवायची. हेमलताच्या आकड्यांत एक गोष्ट होती: सैल थरात पहिले बावीस सेंटिमीटर चाकाला काहीच आधार मिळत नाही, पण त्याखाली जुनी दाबलेली माती अजून शाबूत आहे. चाक सावकाश, न घसरता तिथवर गेलं तर ती त्याला धरते. चाक जागच्या जागी फिरलं, की तीही उकरली जाते आणि गाडी पोटावर बसते.

"तुमच्या गाड्या इथंच मेल्या," वैजयंती म्हणाली. "रुतल्यावर तुम्ही वेग वाढवला."

"वाट कुणी उकरून ठेवेल अशी कल्पना नव्हती."

चार टनांच्या गाडीला नवी चाकं छापायला अठरा तास लागले असते. वैजयंतीनं जुनीच युक्ती काढली. चाक बदलायचं नाही, त्याला बाहेरून कडं बसवायचं, जसं टायरला बाहेरून पिंजरा बसवतात. पण पाती आता उलटी. उकरणारी नको, दाबणारी हवीत. रुंद, सपाट, मागं कललेली. सहा कडी, एकेक सव्वा तासात छापून होतं.

खेळात पहिल्या आठ खेपा गाडी बुडाली. नवव्याला ती खिंडीच्या निम्म्यात पोचून थांबली. हेमलतानं पात्यांचा कल चार अंशांनी कमी केला. वैजयंती म्हणाली, जास्त झालं. हेमलता म्हणाली, करून बघा. दहाव्या खेपेला गाडी पार झाली. अकराव्यालाही. बाराव्याला ती उताराच्या मध्यावर कलली आणि लोळली.

नियंत्रण केंद्रानं आखलेली वाट उतारावरून तिरकी जात होती, कारण तिरकी वाट कमी चढाची. वैजयंती ती रेषा बघत असतानाच हेमलता म्हणाली, "आडवं नाही. सरळ उतरवायची, सरळ चढवायची. चढ जास्त असला तरी." वैजयंतीनं रेषा बदलली. मग त्यांनी गाडी तीस वेळा चालवली. ती तीसही वेळा पार झाली.

चार वाजता वैजयंती उठली. हेमलतानं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं आणि तिनं मागितलंही नव्हतं. तहानेनं तिचा घसा चिकटला होता.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला खिंडीत पोचली. वैजयंती घरी पडद्यासमोर होती, सासूबाई शेजारी. हेमलता कोल्हापुरात तेच बघत असणार. चंद्रावरून येणारं चित्र सव्वा सेकंद उशिरा पोचतं, त्यामुळं जे दिसत होतं ते घडून गेलेलं होतं. गाडी माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही हळू उतरली. कडी मातीत गेली, आणखी गेली, पाव मीटरवर थांबली. चालकानं वेग वाढवला नाही. एका बाजूला हेमलताचा तिसरा रोव्हर पोटावर बसलेला दिसत होता, त्याला घासून गाडी गेली. सरळ खाली, मग सरळ वर. चढाच्या शेवटच्या टप्प्यात मागचं डावं चाक फिरलं, आणि सासूबाईंनी वैजयंतीचा दंड घट्ट धरला. चाक पुन्हा धरलं. गाडी वर आली.

पाच तास हातात असताना त्या दोघांना बाहेर काढलं. लालरिनपुईबाईंचा चेहरा पडद्यावर दिसला, ओठ निळे पडलेले. केशवन हसायचा प्रयत्न करत होता.

त्याच दिवशी संस्थेचं पत्र आलं. माती उकरणारी चाकं निषिद्ध. वैजयंती देसाई सहा महिने खेळाबाहेर. आणि तिची रचना संस्थेच्या मालकीची असल्यानं ती सगळ्या खेळाडूंना खुली, "प्रतिबंधक अभ्यासासाठी". दोन दिवसांत तिच्या चाकाच्या चारशे नकला निघाल्या. कोण कशासाठी अभ्यास करतंय हे कुणी सांगू शकत नव्हतं. तिनं संस्थेला तीन पत्रं लिहिली, की ही रचना पुसून टाका. उत्तर एकाचंही आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी हेमलताची गाडी गेटासमोर थांबली. ती आत आली, चपला काढल्या, आणि सासूबाईंच्या समोर खुर्चीवर बसली.

"आई, कपडे भर. तुला न्यायला आलेय."

"हेमा, मी तुला सांगितलंय..."

"आधी हे ऐक." तिनं कागद उघडला आणि वाचला. ओळ एकच होती. "वहिनींची सही आहे. विचार त्यांना."

सासूबाईंनी सुनेकडं बघितलं. "तू लिहिलंस?"

"हो, आई."

"खरं आहे हे?"

वैजयंतीनं शब्द दिला होता. तो फसवून घेतलेला होता, पण दिला होता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि जमिनीकडं बघत राहिली. नाही म्हणायची संधी तिच्यासमोर होती आणि तिनं ती घेतली नाही. हेमलताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ही खोटं बोलतीय," त्या म्हणाल्या.

"आई, सही आहे..."

"सही असू दे. त्येला आडवं जायला मी सांगितलं."

हेमलता खुर्चीत पुढं सरकली.

"खाली तरवा होता," सासूबाई म्हणाल्या. लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. "गुडघ्याएवढा आलेला. प्रताप सरळ उतरला असता तर त्याच्यातनं गेला असता. मी वरच्या बांधावर, त्याच्याजवळ होते. हाळी दिली, तरव्यात घालू नको, आडवा घे. त्यानं घेतला. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझं एका हाकेत ऐकलं."

हेमलताच्या हातातला कागद खाली आला. "चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तू गप्प?"

"तेराव्याला सांगणार होते. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तू बोललीस. मग सगळी हिच्याकडं बघाय लागली. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मला बरं वाटलं, हेमा. मग रोज वाटायचं, आज सांगावं. हिच्या हातचं खाताना वाटायचं. सांगितलं तर ही मला ठेवणार नाही आणि तू नेणार नाहीस, असं वाटायचं."

वैजयंतीला त्या म्हातारीची दया यायला हवी होती, असं तिला नंतर वाटलं. त्या वेळी तिला फक्त तिरस्कार वाटला. इतक्या वर्षांच्या भाकऱ्या, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, आणि या बाईला सगळा वेळ माहीत होतं. हेमलताच्या चेहऱ्यावरही तेच होतं. इतक्या वर्षांत दोघींना पहिल्यांदाच एकाच वेळी एकच वाटत होतं.

हेमलता उठली. कागद तिनं टेबलावर ठेवला. "सही तुमची आहे. तुम्हीच फाडा," म्हणाली, आणि आईकडं न बघता चपला घालून गेली.

वैजयंतीनं कागद फाडला. सासूबाईंची संध्याकाळची गोळी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापलीकडं बोलली नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "काहीतरी बोल. शिव्या दे." वैजयंती भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं हेमलताला संदेश पाठवला: "वन्सं, मी एकटीनं हे आता रेटणार नाही. एक महिना तुमच्याकडे, एक माझ्याकडे. रविवारी आणून सोडते."

उत्तर पाच मिनिटांत आलं. "ठीक."

रविवारी ती सासूबाईंना घेऊन कोल्हापूरला गेली. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हेमलता फाटकात उभी होती. तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं तिचं कोपर धरलं, आणि पायऱ्या चढवून आत नेलं. मायलेकी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. वैजयंती गाडीतून उतरली नव्हती. या म्हणून हेमलता बोलावणार नाही हे तिला माहीत होतं.

पण हेमलता परत बाहेर आली. गाडीच्या खिडकीशी थांबली.

"तुमच्या चाकाच्या नकला सातशे झाल्यात."

"बघितलं."

"त्यातलं कुणीतरी बंदी मोडणार. आज नाही तर वर्षानं. तेव्हा खिंडी बंद पडतील, आणि सगळीकडं एकतीस तास हातात असतील असं नाही." तिनं चष्मा पुसला. "उकरलेली माती पुन्हा दाबत जाणारी गाडी लागेल. मी सुरू केलीय. नीट होत नाहीये."

"पुढची चाकं जड ठेवली असतील तुम्ही."

हेमलताच्या कपाळावर आठी आली. "जडच लागतात."

"नाही लागत. पुढची हलकी, मागची जड. पुढच्यांनी नुसतं सपाट करायचं. तुम्हाला वजनाशिवाय काही सुचतच नाही."

"आणि तुम्हाला उकरण्याशिवाय." हेमलता खिडकीपासून बाजूला झाली. "सहा महिने बाहेर आहात. तोवर माझी तयार होईल. मग तुमच्या चाकांनी ती अडवून दाखवा. खेळात. वर नाही."

"अडवीन."

"बघू," हेमलता म्हणाली आणि फाटक लावून घेतलं. वैजयंतीनं गाडी वळवली. मग थांबवून, रस्त्याच्या कडेला, तिनं मोबाइलवर चाकाची पहिली रेघ ओढली.